मीठ बघा ना, ताई

आमच्या घरी भाकऱ्या मोजून होत. पिठाच्या डब्यात हात घालण्याआधी आईचे ओठ हलायचे. आजी, मी, दोघी बहिणी आणि सगळ्यांत शेवटी ती स्वतः. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. देवरुखजवळच्या एका प्राथमिक शाळेत ते मास्तर होते. त्यांच्यामागे थोडं निवृत्तिवेतन, चार हापूसची कलमं आणि दोन खोल्यांचं कौलारू घर एवढंच राहिलं. मे महिन्यात आई दुसऱ्यांच्या अंगणात आंबापोळ्या घालायला जायची, फणसाचे गरे तळून द्यायची. त्यावर आमची वह्या-पुस्तकं होत.

संध्याकाळच्या एसटीने कुणी पाहुणा उतरला की तिचे ओठ पुन्हा हलायला लागत. ती दारात जाऊन "या, बसा" म्हणायची, गूळपाणी द्यायची, गावाकडची खुशाली विचारायची. पाहुण्याला काही कळत नसे. मला मात्र कळायचं की आज एक भाकरी कमी पडणार आहे, आणि ती कुणाच्या ताटातली तेही. आईला चिकटपणा माहीत नव्हता. पाच माणसांत पाचच भाकऱ्या असल्या की मोजावंच लागतं. पण मोजण्याची ती सवय माझ्यात इतकी खोल गेली की पाहुणा म्हणजे आनंद, हे मला फार उशिरा, घरापासून फार लांब शिकावं लागलं. ज्या बाईने ते शिकवलं, तिच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात आहे.

१९८३ च्या नोव्हेंबरात मला नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात नोकरी लागली. नागपुरात त्याला सगळे एजी ऑफिस म्हणतात. काम हिशेब तपासण्याचं. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. देवरुखहून साखरपा, मग आंबा घाट चढून कोल्हापूर, आणि तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस. आईने सात दशम्या बांधून दिल्या होत्या. शेवटची मी बडनेऱ्याच्या आसपास खाल्ली.

महालात, गांधी गेटपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या माडीवर मला खोली मिळाली. खाली घरमालक काका-काकू आणि त्यांच्या दोन मुली. थोरलीचं लग्न ठरत होतं, धाकटी शाळेत होती. काका एम्प्रेस मिलमध्ये टाइमकीपर होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ही मिल. काका घड्याळ लावावं तसे घरातून निघत आणि शुक्रवारी तलावाच्या कडेने चालत कामावर जात. काकू उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला थेट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वाड्याचे कायदे सांगितले. भाडं पाच तारखेच्या आत. नळ सकाळी सात ते आठ. माडीवरचा दिवा रात्री दहाला बंद. "हे जमत असेल तर राहा," त्या म्हणाल्या. मी भ्यालो, आणि मला बरंही वाटलं. मोजमापाच्या घरात मी वाढलो होतो, तिथले नियम मला कळत होते.

जानेवारीतली गोष्ट. नागपूरची थंडी माझ्या कोकणातल्या हाडांना ठाऊक नव्हती. मी खोलीत शाल पांघरून बसलो होतो. धाकटी ताटली घेऊन वर आली. "आईनं सांबारवडी दिली," म्हणून ठेवून गेली. सांबार म्हणजे मला इडलीबरोबरचं सांबार ठाऊक. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला त्या ताटलीने शिकवलं. बोटभर रुंद, विटकरी-सोनेरी, लांबट वड्या. शेजारी वाटीत पातळ, पिवळसर, वाफाळती कढी. आमच्याकडची कोथिंबीर वडी म्हणजे बेसनात कोथिंबीर कालवायची, उकडायची, कापायची, परतायची. ही वेगळी होती. खुसखुशीत कवच दाताखाली फुटलं आणि आतून हिरवागार, ओलसर, खमंग सांबार तोंडभर आला. खसखस, सुकं खोबरं, मधूनच एखादी चारोळी, लिंबाचा आंबटपणा, मागून मिरची. वर कढीचा घोट. मी डोळे मिटले होते असं मला आठवतं.

ताटलीत पाच होत्या. मी तीन खाल्ल्या आणि दोन परत पाठवल्या. मला आणखी दहा खाता आल्या असत्या. पण दुसऱ्याच्या घरातून आलेल्या ताटलीत काहीतरी उरवून पाठवावं, म्हणजे त्या घरात कुणाला तरी पुरेल, असंच माझं डोकं चालत होतं.

थोड्या वेळाने काकू स्वतः जिना चढून आल्या. हातात तीच ताटली.

"दोन परत काहून आल्या? कच्च्या राहिल्या का?"

"नाही नाही, फार छान झाल्यात. मला तीन पुरे झाल्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काही मोजून पाठवल्या नव्हत्या. तुम्ही काहून मोजून राहिलात?"

ताटली टेबलावर ठेवून त्या खाली गेल्या. दोनाच्या चार झालेल्या होत्या. त्या चारही मी खाल्ल्या. त्या रात्री दिवा दहाला बंद केला आणि अंधारात बराच वेळ जागा होतो.

माझ्याकडे एक वही होती. त्यात एका पानावर मी 'काकूंचे देणे' असं लिहून नोंदी करायला लागलो. घेतलं ते लिहून ठेवायचं आणि फेडायचं, ही आईची शिकवण. 'सांबारवडी व कढी.' 'रॉकेल, एक बाटली.' 'संक्रांतीचा हलवा.' पुढे १९८६ च्या ऑगस्टमध्ये मला हिवताप झाला. नऊ रात्री काका-काकूंनी आळीपाळीने जिना चढून माझ्या कपाळावरच्या घड्या बदलल्या. तेव्हा 'हिवताप, नऊ रात्री' अशी नोंद केली आणि रकमेच्या रकान्यापुढे पेन टेकवून बसून राहिलो. तो रकाना कोराच राहिला.

दुसऱ्या हिवाळ्यात मी स्वतःच म्हणालो, "काकू, मला शिकवाल का ही वडी?" पुरुषमाणसाने असं विचारलं म्हणून त्या हसल्या नाहीत. "रविवारी या. सांबार तुम्हीच आणा. सांबार ओळखता आला पाहिजे." बुधवार बाजारात त्या माझ्याबरोबर आल्या. उन्हाळ्यात सांबार पटकन फुलावर येतो, दांडा जाड होतो, पानं बारीक पडतात. थंडीत पान रुंद आणि कोवळं असतं, गाड्यांवर ढीग लागतात आणि भाव पडतो. म्हणूनच ही वडी हिवाळ्याची. त्यांनी एक जुडी हातात घेऊन देठ मोडला. कट् असा आवाज आला. "हा घ्या. वाकला तो नको."

घरी आल्यावर जुड्या निवडल्या, पाण्यातून तीनदा काढल्या आणि मग मांजरपाटाच्या मोठ्या फडक्यावर पसरल्या. ते कापड काकांच्या मिलचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. "इथंच सगळी मेहनत आहे," काकू म्हणाल्या. "हा कोरडा झाला नाही तर पुढचं सगळं वाया." दोन तास सांबार त्या कापडावर होता आणि आम्ही मध्ये मध्ये वरखाली करत होतो. आज मी कुणाला ही वडी शिकवतो तेव्हा पहिल्यांदा फडक्याबद्दल बोलतो. लोकांना मसाल्याचं प्रमाण हवं असतं. प्रमाण सांगतोच, पण ओल्या कोथिंबिरीची वडी कुठलंही प्रमाण वाचवू शकत नाही.

दोन मोठ्या जुड्या बारीक चिरल्या की चार-पाच वाट्या होतात. कढईत दोन पळ्या फल्लीतेल. फल्ली म्हणजे शेंगदाणा, हाही तिथेच शिकलेला शब्द. तेलात हिंग, आलं-मिरचीचा ठेचा, दोन चमचे तीळ, दोन चमचे खसखस, चमचाभर चारोळी, आणि आधी भाजून चुरलेलं अर्धी वाटी सुकं खोबरं. हळद, तिखट, चमचाभर काळा मसाला, चिमूटभर साखर. मग गॅस बंद करायचा आणि त्या गरम मसाल्यात सांबार घालून नुसता वरखाली करायचा. शिजवायचा नाही. शिजला तर हिरवा रंग जातो आणि वास चहाच्या चोथ्यासारखा येतो. काही घरी लसूण घालतात, काही कांदा परततात. काकू दोन्ही घालत नसत आणि माझंही मत त्यांच्यासारखंच झालं आहे. लसणाने सांबार मागे पडतो.

"आणि मीठ?" मी विचारलं.

"मीठ सगळ्यात शेवटी. कवच लाटून तयार असेल तेव्हाच. मीठ पडलं की सांबार रडायला लागतो."

कवचासाठी दोन वाट्या बेसन, एक वाटी कणीक, ओवा, हळद, मीठ आणि चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळायचं. नुसतं बेसन फाटतं, नुसती कणीक चिवट होते. पुरीएवढी लाटी लांबट, पातळ लाटायची, इतकी की तळल्यावर आतली हिरवी सावली वरून दिसावी. त्यावर चिंचेच्या घट्ट कोळात कालवलेला काळा मसाला बोटाने फिरवायचा, मध्ये सारणाची लांबट रास, दोन्ही कडा एकमेकींवर, टोकं दाबून बंद. ही पुडाची वडी. पुड म्हणजे वरचं आवरण. मंद आचेवर सावकाश तळायची, घाई केली की कवच आत कच्चं राहतं.

"सोपी आहे," त्या म्हणाल्या. "उकडायचं नाही, कापायचं नाही, रात्रभर काही भिजवायचं नाही. आणि पाहुण्यांसाठी ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. सकाळी अर्ध्या कच्च्या तळून ठेवायच्या. कोणी आलं की तेल तापवायचं आणि सोडायच्या. येणाऱ्याला वाटतं, आपल्यासाठी चूल पेटली." हे त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहितो आहे, कारण त्याच्यात त्यांची सगळी पाहुणचाराची समजूत आहे. गोडाचं ताट वाढलं की पाहुणा अवघडतो, त्याला वाटतं आपल्यामुळे खर्च झाला. सांबार आणि बेसन यांचं कुणाच्या मनावर ओझं येत नाही, आणि गरम वडी हातात आली की माणूस बोलायला लागतो.

त्या दिवशी मी लाटलेल्या वड्यांपैकी निम्म्या तेलात उघडल्या. तेल काळं-हिरवं झालं. काकूंनी ते गाळून बाजूला ठेवलं, फुटलेल्या वड्या एका ताटलीत घेतल्या आणि त्या स्वतः खाल्ल्या. आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या बोलण्यातला 'तुम्ही' जाऊन 'तू' आला.

१९८५ च्या डिसेंबरात आई नागपूरला आली. तिला एकटीला एवढा प्रवास झेपला नसता. पण हिवाळी अधिवेशन होतं. १९५३ च्या नागपूर करारापासून हे ठरलं आहे की विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात व्हायचं. त्यामुळे डिसेंबर आला की महाराष्ट्रभरातली माणसं आपापल्या मागण्या घेऊन या शहरात उतरतात. त्या वर्षी आमच्या तालुक्यातले शिक्षकही मोर्चाला आले होते. त्यात वडिलांबरोबर काम केलेले काही गुरुजी होते. त्यांच्या सोबतीने आई आली. अंगावर कोकणातल्या थंडीपुरतं पातळ, पायात चपला, हातात पिशवी. पिशवीत नारळ, आंबोशी, कुळथाचं पीठ.

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक गुरुजी निरोप घेऊन आले. संध्याकाळची गाडी आहे, जाण्याआधी सगळे वहिनींना आणि मुलाला भेटायला येतोय. सगळे म्हणजे किती? "असू आम्ही अकरा-बारा."

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले होते.

माझे मात्र हातपाय गार पडले. माडीवर एक स्टोव्ह, दोन ताटल्या, तीन कप. महिनाअखेर. मी जिना उतरून काकूंकडे गेलो आणि काहीतरी पुटपुटलो. बाहेरून काही आणू का, असं असावं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "किती वाजता येऊन राहिले? साडेचार? मग बस की वेळ. सांबार आण, चार जुड्या. आईंना खाली घेऊन ये."

त्यांनी माझ्यासाठी काही केलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्या लाटायला बसल्या नाहीत. थोरलीला त्यांनी कढीसाठी ताक घुसळायला बसवलं, धाकटीला दोन घरांतून पेले आणि ताटल्या मागून आणायला धाडलं, आणि मला म्हणाल्या, "पाहुणे तुझे, वडी तू कर." मी पीठ मळलं, सारण केलं, मोठा गंज मागून घेतला. कढई चढली. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून होती. दुसऱ्याच्या घरात बाईमाणूस बसतं तशी, अंग चोरून. काकूंनी तिच्यापुढे पोळपाट सरकवला नाही, पण सारणाची परात तिच्या हाताशी येईल अशी ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तर आई लाटलेली पारी हातात घेऊन वडी मिटत होती. आणि टोकं नुसती दाबण्याऐवजी तिने त्यांना मुरड घातली होती, करंजीला घालतात तशी बारीक, एकसारखी. मोदकाच्या कळ्या काढणारे हात ते. त्यांना उघडं टोक सहन झालं नसावं.

काकू खाली वाकून बघायला लागल्या. "हे कसं केलंत, ताई? पुन्हा एकदा दाखवा." आईने दाखवलं. काकूंनी करून पाहिलं, पहिली जमली नाही, दुसरी जमली. "अशी मिटली तर तेलात सांबार सुटणारच नाही," त्या म्हणाल्या. आईचा चेहरा उजळला. तिच्याकडून कुणी काही शिकावं, असं गेल्या कित्येक वर्षांत घडलं नव्हतं.

पहिला घाणा निघाला. एक वडी काकूंनी देवापुढे ठेवली. दुसरी झाऱ्यावरून कागदावर, कागदावरून थेट आईच्या हातात.

आई ती धरून बसली. तिने आयुष्यात पाहुण्यांआधी काही तोंडात घातलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर तिचं, हा तिचा क्रम. पाहुण्यांची वाट आणि हातातली गरम वडी यांच्यात ती अडकली होती. "नंतर खाते हो, वहिनी," म्हणाली. "त्यांचं होऊ दे."

काकूंनी आग्रह केला नाही. 'खा हो, काय हरकत आहे' असलं काही त्या बोलल्या नाहीत. त्या कढईकडे तोंड करून, अगदी कामाच्या आवाजात म्हणाल्या, "मीठ बघा ना, ताई. तुमच्या पोरानं केलंय. पाहुण्यांना देण्याआधी कोणीतरी बघायला पाहिजे."

आईने वडी खाल्ली. चावताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटामुळेही असेल. मी विचारलं, "आई, मीठ?" ती जरा थांबली. काकूंनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि दुसरी वडी तिच्या हातावर ठेवली. "एकात कळत नाही कधीकधी."

मी चाळीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले आणि वाचले. माणसाला न लाजवता देता येतं कसं, याचा तेवढा स्वच्छ दाखला मला कुठल्याही कागदात मिळाला नाही. काकूंना आईची गरिबी कुणी सांगितलेली नव्हती. मीही नाही. ती दोन परत आलेल्या वड्यांवरून त्यांनी ओळखली होती, असं मला आता वाटतं.

साडेचारला गुरुजी आले. अकरा-बारा नव्हे, सोळा. ओसरीवर सतरंजी टाकली होती. मी कढईतून काढत होतो, धाकटी नेत होती, काका वाढत होते. गुरुजींना वडिलांच्या गोष्टी आठवायला लागल्या. ते शाळेत पोरांना अंकगणित कसं शिकवायचे, पावसात नदी ओलांडून कसे यायचे. मला त्यातल्या निम्म्या ठाऊक नव्हत्या. आई दाराआडून ऐकत होती, नंतर दाराबाहेर येऊन बसली, नंतर स्वतः एक गोष्ट सांगायला लागली. एका गुरुजींनी चौथ्यांदा वडी घेतली तेव्हा मी आईच्या ओठांकडे पाहिलं. ते बोलण्यासाठी हलत होते.

रात्री वही काढली. 'डिसेंबर १९८५,' एवढंच लिहिलं.

१९८९ ला माझी मुंबईला बदली झाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्या पानावरच्या जेवढ्या नोंदींना किंमत लावता येत होती तेवढ्यांची बेरीज केली, त्यात माझ्या मनाने काही घातले, शेवटच्या महिन्याचं भाडं घातलं आणि पाकीट घेऊन खाली गेलो. मला वाटलं होतं त्या रागावतील, पाकीट ढकलतील. त्यांनी हात पुसले, पाकीट घेतलं, नोटा बाहेर काढल्या आणि मोजल्या. काकूंना काही मोजताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. भाड्याचे पैसे त्यांनी वेगळे काढून डब्यात ठेवले. उरलेले पाकिटात घालून माझ्या हातात दिले.

"भाडं घेतलं. हे भाडं नाही."

मी काही बोलणार तोच त्या आत गेल्या आणि मांजरपाटाचं ते फडकं घडी करून घेऊन आल्या. "मुंबईत सांबार ओलाच मिळेल तुला," एवढंच म्हणाल्या.

मुंबईत, आणि नंतर पुण्यात, हिवाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी माझ्या घरी ती वडी झाली. माझी पत्नी सारण करते, कवच मी लाटतो. आई आमच्याकडे राहायला आल्यापासून पहिली वडी तिची. ती मीठ बघते. एकदा खरोखरच मीठ घालायचं राहून गेलं होतं, कारण ते शेवटी घालायचं असतं आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली होती. आईनेच सांगितलं. मिटलेल्या वड्या उघडता येईनात, तेव्हा कढीत मीठ जरा चढवलं आणि निभावून नेलं.

काकूंना पत्रं लिहीत असे. त्यांची उत्तरं काकांच्या अक्षरात येत, शेवटी त्यांची सही. १९९७ च्या पावसाळ्यात धाकटीचं पोस्टकार्ड आलं. मी तेव्हा कामासाठी दौऱ्यावर होतो. परत आलो तेव्हा कार्ड टेबलावर पडून होतं आणि तेरावाही होऊन गेला होता. त्या आजारी आहेत हे मला कळवलं नव्हतं. त्यांनीच कळवू दिलं नव्हतं, असं धाकटीने लिहिलं होतं. मी गेलो असतो. सगळं टाकून गेलो असतो. हे मी आजही स्वतःला सांगतो आणि आजही त्याने काही शांत होत नाही.

वाडा पुढे विकला गेला. नागपूरला जायचं मी टाळत राहिलो. २०१२ च्या जानेवारीत एका लग्नासाठी जावं लागलं. एम्प्रेस मिलच्या जागी आता मॉल उभा होता. तलाव तिथेच होता. मी कडेकडेने काकांच्या वाटेने चालून आलो आणि मग प्रतापनगरला धाकटीकडे गेलो. ती आता पन्नाशीकडे झुकलेली, आईसारखीच उंच, तसंच थेट बोलणारी. मी येणार म्हणून तिने काही ठरवलं आहे असं तिने भासवलं नाही. आम्ही बोलत बसलो. काकांचं शेवटचं आजारपण, थोरलीची मुलं, माझ्या आईची तब्येत. आत तेल तापल्याचा वास आला, आणि मागोमाग सांबाराचा.

तिच्या मुलीने ताटली आणली. सांबारवडी, ढीगभर. मी एक उचलली आणि हातात तशीच राहिली. दोन्ही टोकांना मुरड होती. बारीक, एकसारखी, करंजीसारखी. नागपुरात मी एवढ्या ठिकाणी ही वडी खाल्ली, घरी आणि दुकानांत. सगळीकडे टोकं नुसती दाबलेली असतात.

"ही मुरड घालायला कुणी शिकवलं गं?" मी मुलीला विचारलं.

तिला प्रश्न नीट कळला नाही. तिने वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पुडाची वडी अशीच असते ना मामा? आजीच्या घरची पहिल्यापासून अशीच," ती म्हणाली, आणि कढी आणायला आत गेली.